केशरी खलबत्ता

"मुंडी ऊपर. और ऊपर. अब हिलना मत, भाई."

सुकदेवने मान मागे टाकली. डॉक्टरने बारकी बॅटरी त्याच्या उजव्या नाकपुडीत धरली आणि दुसऱ्या हातातला आरसा त्याच्या तोंडासमोर आणला. आरशात सुकदेवला आपली डावी नाकपुडी आतून लाल झालेली दिसली, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी. बॅटरी उजवीकडे आणि उजेड डावीकडे. सव्वीस वर्षं तो उजेडाच्या धंद्यात होता. भिंत असली की उजेड पलीकडे जात नाही, एवढं त्याला नक्की ठाऊक होतं.

"बीच का परदा गया," डॉक्टर म्हणाला. "आरपार. दर्द होता है?"

"नही साब. दुखता नही. पपडी आती है. कभी कभी खून."

"वास आता है?"

"सर्दी है ना साब, उसके वास्ते नही आता."

"कितने साल से सर्दी है?"

सुकदेवला नवल वाटलं. सर्दीला साल विचारतं का कोणी? डॉक्टरने त्याचे हात उलटे करून पाहिले. बोटांच्या सांध्यांवर गोल गोल खळगे होते, पेन्सिलीच्या टोकाने कोरावेत तसे. नखं गंजल्या पत्र्याच्या रंगाची झाली होती.

"काम क्या करते हो?"

आता हा प्रश्न सुकदेवला कोणी विचारला की त्याला नाकाचंही भान राहायचं नाही. तो खुर्चीत सरसावून बसला. कार्बन फोटो, साब. साधा फोटो पिवळा पडतो, कार्बनचा पडत नाही, शंभर वर्षं भिंतीवर ठेवा. जिलेटीन पातळ करायचं, त्यात साखर, त्यात दिव्याची काजळी घोटायची, कागदावर त्याचा थर द्यायचा. मग तो कागद केशरी पाण्यात बुडवून अंधारात वाळवायचा. वाळला की त्याला डोळे फुटतात. निगेटिव्हखाली उन्हात धरला की जिथे ऊन लागेल तिथे काजळी धरून राहते, बाकीची गरम पाण्यात वाहून जाते.

"केशरी पानी मतलब? बायक्रोमेट?"

"हां साब, वोच. खडे आते हैं. खल में कूट के बारीक करने का."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. सुकदेवला वाटलं, आता तपकिरीबद्दल बोलणार. म्हणून तो आधीच म्हणाला, की तपकीर ओढतो साब, ती सोडून देतो.

"तपकीर से ऐसा नहीं होता. यह केशरी ने खाया है. अब भरेगा नहीं." मग डॉक्टरने विचारलं, "पहले साँस लेते समय सीटी बजती थी?"

सुकदेवला एकदम आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी गावी, पारोळ्याला सासुरवाडीत, जेवण झाल्यावर सगळे ओसरीवर बसले असताना मेव्हण्याने थट्टा केली होती, की दाजी सुरतेहून बासरी शिकून आले. सगळे पोट धरून हसले होते. त्याच्या नाकातून बारीक शिट्टी येत होती खरी. पुढे ती आपोआप बंद झाली आणि त्याच्या बायकोने, उषाबाईने, बरं झालं म्हणून मारुतीला नारळ फोडला.

"छोटा छेद हो तब तक बजता है," डॉक्टर म्हणाला. "बड़ा हो गया तो बजना बंद. लोग समझते हैं, ठीक हो गया."

सुकदेवच्या डोळ्यांपुढे तो नारळ आला.

"घर में और कोई हाथ लगाता है इसको?"

"नही," सुकदेव म्हणाला.

खोटं बोलायला माणसाला थोडा तरी विचार करावा लागतो. सुकदेवला लागला नाही.

* * *

दवाखान्यातून स्टुडिओपर्यंत तो चालत गेला. डिसेंबरची दुपार होती, ऊन मऊ होतं. रस्त्याकडेला पतंगवाल्यांनी दोरा ताणून त्याला रंगीत मांजा चढवायला सुरुवात केली होती. मांजा घोटणाऱ्यांचे हात गुलाबी झाले होते. सुकदेवने आपले हात खिशात घातले.

धनश्री, त्याची एकुलती पोर, एकोणीस वर्षांची. केशरी खडे गेली दोन वर्षं तीच कुटत होती.

झालं असं, की चौऱ्याण्णवच्या प्लेगात सगळी सुरत पळाली तशी ही तिघंही पारोळ्याला पळाली. महिन्याने परत येऊन बघतात तर स्टुडिओच्या मागच्या खोलीत मालक केकी शेठच्या भाच्याने झेरॉक्सचं मशीन आणून ठेवलेलं. शेठ म्हणाले, तुझं घोटणं-कुटणं घरी कर, छापायला इकडे ये. तोवर सुकदेवच्या बोटांना चिरा पडून खलबत्ता धरवेना. धनश्री म्हणाली, "आणा आबा, मी कुटते." तिने कुटलं. आणि खोटं कशाला बोला, बापापेक्षा चांगलं कुटलं.

पोरीला हात होता. जिलेटीन किती तापलं हे ती भांड्याच्या बाहेरून बोट लावून सांगायची. कार्बनचा फोटो एका कागदावरून दुसऱ्यावर उचलताना डाव्याचं उजवं होतं, म्हणून निगेटिव्ह आधीच पालथी घालावी लागते. सुकदेव ते एकदा विसरला आणि एका गुजराती शेठाणीचा उजव्या खांद्यावरचा पदर डाव्या खांद्यावर गेला. घरचे लोक स्टुडिओत येऊन म्हणाले, आमच्या बाला, म्हणजे आईला, तुम्ही मराठण करून टाकली. शेठ आठ दिवस तोंड फिरवून बसले होते. तेव्हापासून धनश्री प्रत्येक निगेटिव्हच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावून द्यायची. कुंकू दिसलं की पालथी घाला, आबा. परत कधी चूक झाली नाही.

सुरुवातीला ती नाकाला रुमाल बांधून कुटायची. ते काही केशरीमुळे नव्हे. प्लेगमुळे तेव्हा सगळ्या सुरतेच्याच नाकाला रुमाल होते. दिवाळी आली, लोकांनी रुमाल सोडले. धनश्रीनेही सोडला. रोग गेला, आता कशाला? सुकदेवनेच म्हटलं होतं तसं. तो रुमाल आता उषाबाई गरम भांडं उतरवायला वापरत होती.

आणि फुंकर. तीही त्यानेच शिकवली. तागडीच्या पारड्यात एक कण राहिला तरी पुढचं माप चुकतं, म्हणून प्रत्येक मापानंतर पारडं तोंडासमोर धरून फुंकर मारायची. केशरी धूळ उडायची आणि पोरगी डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटायचे, हेही त्यानेच शिकवलं होतं. नाक मिटता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दोनच वर्षं, त्याने स्वतःला सांगितलं. माझी सव्वीस. दोन वर्षांत काय होतंय? आणि तिने कधी तक्रार केली नाही. मग त्याला आठवलं, की आपणही कधी केली नव्हती.

* * *

"आव सुकदेव, बेस. सूं बोल्यो डॉक्टर?"

केकी शेठ काउंटरमागे पाय वर घेऊन बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर स्टुडिओचे जुने फोटो होते, पगड्यावाले, टोप्यावाले, सगळे अजून काळेभोर. पलीकडे भाचा झेरॉक्स काढत होता.

"सर्दी है बोला," सुकदेव म्हणाला. आज त्याच्या तोंडून दुसरं काही निघतच नव्हतं. मग त्याने धीर केला. "शेठ, वो केशरी का काम वापस इधर करने का. घर में नही जमता."

"इधर किधर, दीकरा? पीछे तो झेरॉक्स बेठा छे." शेठनी ड्रॉवरमधून एक पितळी डबी काढून पुढे ठेवली. "ये देख. कतारगाम से आई है. हीरावाला. उसकी बा गुजर गई."

डबीत काय असणार हे सुकदेवला ठाऊक होतं. ही रीत शेठच्या वडलांनी काढली होती आणि सुरतेतल्या जुन्या घरांमध्ये ती अजून चालत होती. माणूस गेलं की बारा दिवस जो दिवा जळतो त्यावर पालथी ताटली धरायची. ताटलीला जी काजळी धरते ती डबीत भरून स्टुडिओत द्यायची. त्याच काजळीतून त्या माणसाचा फोटो उतरायचा. सुकदेवने अशा कितीतरी डब्या रिकाम्या केल्या होत्या. काजळी इतकी हलकी असायची, की झाकण उघडताना तो श्वास धरून ठेवायचा. काजळीसाठी धरायचा श्वास, केशरीसाठी नाही.

"उत्तरायण पहेला तीन फोटो जोईए. मोटा."

"शेठ, घर में जवान पोरगी है."

"ए तो सारूं! तेरे से तो अच्छा हाथ है उसका. पिछला फोटो जोयो ने? में तो हमेशा बोलता हूँ, सुकदेव के बाद धनश्री." शेठ मनापासून बोलत होते. माणूस वाईट नव्हता. "नहीं बनेगा तो बोल दे, भाई. कलर में निकाल के दे दूँगा. फिर ये कार्बन-बार्बन बंद. में भी बुढ्ढा हो गया."

सुकदेवने भिंतीकडे पाहिलं. त्यातले निम्मे फोटो त्याच्या हातचे होते. डाव्या टोकाला एक छोटा होता, शेठच्या आईचा, तो धनश्रीने सगळा स्वतः केला होता, कुटण्यापासून धुण्यापर्यंत. त्या दिवशी ती स्टुडिओतून घरापर्यंत एक शब्द बोलली नव्हती, नुसती चालता चालता हसत होती.

त्याने डबी उचलली. ही शेवटची, असं तो मनाशी म्हणाला. मीच कुटतो. माझं काय जायचं ते गेलं. पोरीला हात लावू देत नाही.

* * *

सुरतेच्या उधन्यात त्यांची खोली कापडाच्या लूमच्या शेडांच्या मागच्या ओळीत होती. तिथे दिवसरात्र खटखट चालायची. लोक बोलायचे ते ओरडूनच, आणि गावी गेले तरी ओरडूनच बोलायचे म्हणून नातेवाईक हसायचे. आठवड्यातून एकदा लाइटची सुट्टी असायची, तेव्हा शेडं बंद पडायची आणि लहान पोरं घाबरून रडायची. त्या आवाजात शिट्टी काय, तोफ ऐकू आली नसती.

धनश्री दारातच बसली होती. पुढ्यात पांढरा चिनी मातीचा खल, शेजारी तागडी, मागे वातीच्या स्टोव्हवर डाळ. तिची बोटं पेरापर्यंत केशरी होती. गल्लीतल्या पोरींना ती मेंदीच वाटायची.

"आबा, आठ दिवसांचं कुटून ठेवलं," ती खटखटीवर आवाज चढवून म्हणाली. "तुमचे हात दुखतात म्हणून. बाटली भरली, बघा."

तिने पारडं तोंडाशी नेलं, डोळे मिटले आणि फुंकर मारली. उतरत्या उन्हात केशरी धुळीचा एक पट्टा उठला आणि तिच्या तोंडावर बसला. सुकदेवने पुढे होऊन पारडं तिच्या हातातून काढून घेतलं.

"राहू दे ते."

"थोडंच राहिलंय."

"राहू दे म्हटलं ना. आजपासून तू हात लावायचा नाही."

"का? चुकलं का काही?" तिचा चेहरा उतरला. "माप बरोबर आहे आबा. तुम्ही परत करून बघा."

तिला काय सांगायचं? नाकाला भोक पडलंय का ग, असं लूमच्या आवाजात ओरडून विचारायचं, ते शेजारपाजारच्या चार घरांनी ऐकायचं? उत्तरायण झालं, संक्रांत सरली, की तिला बघायला नंदुरबारहून माणसं यायची होती. सुकदेव तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. नाक चांगलं होतं. सरळ होतं, आईसारखं. बाहेरून त्याचंही चांगलंच होतं.

"डॉक्टर काय बोलले?" तिने विचारलं.

"काही नाही. सर्दी."

तिने पटकन खाली पाहिलं आणि ओढणीचं टोक मुठीत घेतलं. सुकदेवला त्या टोकावर तांबूस काहीतरी दिसल्यासारखं वाटलं. केशरी असेल. केशरीच असणार, पोर दिवसभर त्यातच बसलेली असते.

इतक्यात नळावरून उषाबाई आली, डोक्यावर हंडा. हंडा न उतरवताच ती आत धावली.

"डाळ करपनी ना," ती म्हणाली. "नळपावत वास उना. आख्खी चाळ नाक दाबी ऱ्हायनी, अन् तुम्ही बापलेक चूलपाशी बठेल शेतस. वास नही उना का?"

दारात दोघंही तशीच बसून राहिली. स्टोव्ह धनश्रीच्या पाठीशी हातभर अंतरावर होता. आता सुकदेवला धूर दिसला, काळा, दाट, पोरीच्या केसांवरून बाहेर चाललेला. उषाबाईने तो प्लेगचा रुमाल घेऊन भांडं खाली उतरवलं.

"सर्दी शे ना माले," धनश्री म्हणाली.

हे वाक्य सुकदेवच्या ओळखीचं होतं. त्याचंच होतं ते. त्याने उठून खल उचलला, बाटली उचलली आणि दोन्ही फळीवर अगदी वर, देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिली. पितळी डबी खिशातच राहिली.

* * *

सहा वाजता लाइटची सुट्टी लागली. एकेक शेड थांबत गेलं आणि खटखट दूर दूर जात बंद झाली. उषाबाईने कंदील लावला. तिघं जेवायला बसली. करपलेल्या डाळीच्या वरची वरची डाळ तिने वाढली होती, आणि ती एकटीच तोंड वाकडं करून खात होती.

बाहेर कोणाचा तरी रेडिओ बॅटरीवर चालू होता, तोही बंद झाला. मग खोलीत ती शिट्टी आली. बारीक, लांब, किटलीतून वाफ निघावी तशी. आली, थांबली, परत आली.

सुकदेवचा घास हातातच राहिला. माझीच आहे, तो मनात म्हणाला. डॉक्टरला काय कळतं? माझं भोक मोठं झालं नसेल, परत वाजायला लागलं असेल. मारुतीराया, माझीच असू दे. आयुष्यात एवढ्या कळवळून त्याने काही मागितलं नव्हतं.

त्याने श्वास धरला.

शिट्टी आली. थांबली. परत आली.

धनश्री मान खाली घालून भाकरी मोडत होती. तिची ओढणी श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि ती वर झाली की शिट्टी यायची. सुकदेवने श्वास धरूनच ठेवला. कानात ठोके पडायला लागले, डोळ्यांपुढे कंदील पसरला. शिट्टी आपल्या वेळेला येत राहिली.

उषाबाईने कान दिला. "धनूना आबा," ती जरा हसून म्हणाली, "तुम्हनं नाक परत वाजाले लागनं वाटतं."

सुकदेवने श्वास न सोडता मान हलवली. हो म्हणून.

"परत एक नारळ फोडना पडी," ती म्हणाली आणि खरकटी ताटली घेऊन बाहेर मोरीकडे गेली. त्याने श्वास सोडला. तोंडावाटे सोडला.

बापलेक कंदिलापाशी राहिले. धनश्रीने अजून वर पाहिलं नव्हतं. तिची केशरी बोटं भाकरीवर थांबली होती.

"धनू," तो म्हणाला. सबंध उधना गप्प होतं, त्यामुळे आज ओरडावं लागलं नाही. "सकायले मनासंगे चाल. दवाखानामा. बॅटरी लाईसन दखतस, बाकी काही नही."

तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटलीत ठेवला.

"दुखत नही," तो म्हणाला.

"माले ठाऊक शे, आबा," धनश्री म्हणाली.